पलंगाच्या पडद्याआड

अमेरिकेतल्या न्यूपोर्ट गावच्या सारा ऑसबर्नने १७६७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ओळखीच्या एका पाळकाला लांबलचक पत्र लिहिलं. आपण रोज कुठे बसून लिहितो-वाचतो, हे तिने त्यात सांगून टाकलं आहे. ती जागा म्हणजे तिचा पलंग. पहाटे पलंगाचे पडदे ओढून घ्यायचे, उजेडापुरती फट ठेवायची, गादीवर गुडघे टेकायचे, पोटाखाली लोड-उशा घ्यायच्या आणि तसंच ओणवं होऊन लिहायचं. थंडीवारा लागत नाही आणि घरातलं कुणी मध्येच हाक मारत नाही. बाई तेव्हा नुकती त्रेपन्न वर्षांची झाली होती. दहाएक माणसांचं धुणं, इस्त्री, रांधणं, शिवणटिपण तिच्यावर होतं. वर मुलांची शाळा होती आणि नवरा आजारी होता.

या बाईने आयुष्यभरात रोजनिशीच्या पन्नासाहून जास्त वह्या लिहिल्या. त्यांतल्या बहुतेक हरवल्या. तरी पत्रं, आठवणी आणि उरलेल्या वह्या मिळून दोन हजारांवर पानं आजही अमेरिकेतल्या तीन-चार संग्रहांत आहेत. कॅथरिन ब्रेकस या इतिहासकार बाईंनी ती वाचून २०१३ मध्ये साराचं चरित्र लिहिलं. वहीतला विषय सगळीकडे एकच: माझं खरंच परिवर्तन झालं आहे का? देवाने मला घेतलं, की मी स्वतःला फसवते आहे?

मी नगरची, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत वाढलेली. हा प्रश्न मी लहानपणापासून प्रार्थनासभांत ऐकला आहे. आमच्याकडे साक्ष द्यायला उभी राहिलेली बाई आधी आपलं जुनं आयुष्य सांगते, मग आजारपण किंवा मरण, मग बायबलातलं एखादं वचन, मग शांती. क्रम सहसा चुकत नाही. हा क्रम कुठून आला, ते शोधत मागे गेलं की न्यू इंग्लंड लागतं.

सतराव्या शतकात तिथल्या प्युरिटन मंडळ्यांमध्ये नुसता बाप्तिस्मा पुरेसा नव्हता. सभासद व्हायचं, प्रभुभोजनाला बसायचं, तर कृपेचं काम आपल्यात कसं झालं हे मंडळीपुढे सांगावं लागे. केंब्रिजचा पाळक थॉमस शेपर्ड १६३८ पासून अशा साक्षी आपल्या वहीत उतरवून घेत होता. त्यांत बड्या घरच्या बायका आहेत, विधवा आहेत, मोलकरणीही आहेत. ज्या मोलकरणीचं नाव एरवी जमाखर्चाच्या वहीतही आलं नसतं, तिच्या मनात कुठल्या उपदेशानंतर काय उलथापालथ झाली, ते आज आपण वाचू शकतो. एवढं श्रेय त्या साच्याला द्यायलाच हवं.

बाईने सभेत तोंड उघडायचं की नाही, हा मात्र कायमचा घोळ होता. पुष्कळ ठिकाणी तिची साक्ष पाळकच वाचून दाखवी. ॲन हचिन्सन बॉस्टनमध्ये घरी बायकांना जमवून उपदेशाची चर्चा करू लागली, पुढे पुरुषही यायला लागले. १६३७ मध्ये तिच्यावर खटला झाला. देव आपल्याशी थेट बोलतो असं तिथे ती बोलून गेली आणि त्या बोलण्यानेच अडकली. तिला हद्दपार केलं, मंडळीतूनही काढलं. ती गेली ऱ्होड आयलंडमधल्या ॲक्विडनेक बेटावर. न्यूपोर्ट त्याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे. सारा ऑसबर्नच्या घरी लोक जमायला लागले, तेव्हा आसपासच्या पाळकांना कोणती जुनी गोष्ट आठवली असेल ते उघड आहे.

म्हणजे लिहायला मुभा होती, पण लिहिलेल्याचं पुढे काय करायचं ते बहुधा दुसरं कुणीतरी ठरवी. ॲन ब्रॅडस्ट्रीट १६३० मध्ये आर्बेला जहाजातून आली. तिच्या कविता मेव्हण्याने लंडनला नेल्या आणि १६५० मध्ये परस्पर छापल्या. त्या कवितांहून मला तिचं मुलांना लिहिलेलं पत्र मोलाचं वाटतं. आठ मुलांच्या या आईने त्यात आपल्या विश्वासाची कहाणी सांगितली आहे आणि देव आहे की नाही हीच शंका आपल्याला येऊन गेली, असंही मोकळेपणाने लिहिलं आहे. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरच्या घरातली बाई हे लिहिते! ती १६७२ मध्ये वारली. पत्र छापलं गेलं १८६७ मध्ये.

सारा एडवर्ड्सचं प्रकरण आणखी बोलकं आहे. नॉर्थॅम्प्टनचा पाळक जोनाथन एडवर्ड्स याची ही बायको. १७४२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ती कित्येक दिवस अशा आनंदात होती की अंगातलं बळ जाई. त्याआधी नवरा तिला रागावला होता: एका पाहुण्या पाळकाशी बोलताना तिने तारतम्य ठेवलं नाही म्हणून. ते तिला फार लागलं. त्यातच नवरा परगावी गेला आणि त्याच्या जागी उपदेशाला तरुण सॅम्युअल ब्यूएल आला. नवऱ्यापेक्षा याच्याच उपदेशाने गाव जास्त हललं तर आपल्याला चालेल का, असं तिने स्वतःला विचारलं. चालेल, असं मन म्हणालं तेव्हा ती मोकळी झाली. नवऱ्याच्या सांगण्यावरून तिने हे सगळं लिहून काढलं. त्याने १७४३ च्या आपल्या पुस्तकात ते घेतलं; पण तिचं नाव काढलं आणि ही बाई आहे हेही कळणार नाही अशी सफाई केली. नवऱ्याचा राग गेला, ब्यूएल गेला, उरली एक ‘व्यक्ती’. तिच्या शब्दांतला मजकूर जवळजवळ नव्वद वर्षांनी तिच्या पणतवाने छापला.

आता पुन्हा न्यूपोर्ट. सारा हॅगर लंडनमध्ये १७१४ साली जन्मली. मामा जॉन गाइझ लंडनचा नावाजलेला पाळक होता. आठ वर्षांची असताना ती आईबरोबर अमेरिकेत आली. पुढे कुटुंब न्यूपोर्टला स्थिरावलं. मुलगी उदास स्वभावाची. जीव द्यावा असे विचार आपल्याला कोवळ्या वयात छळत होते, हे तिने स्वतःच लिहिलं आहे. सतराव्या वर्षी आईबापांच्या मनाविरुद्ध तिने सॅम्युअल व्हीटन या खलाशाशी लग्न केलं. वर्षभरात मुलगा झाला. त्यापुढच्या वर्षी नवरा समुद्रावरच वारला. एकोणीस वर्षांची विधवा, कडेवर पोर. तिने मुलांना शिकवायला घेतलं आणि मग मरेपर्यंत या ना त्या रूपात शाळाच चालवली. १७३७ मध्ये ती नेथॅनिएल क्लॅपच्या मंडळीची सभासद झाली. त्यानंतर तीन-चार वर्षांत जॉर्ज व्हाइटफील्ड आणि गिल्बर्ट टेनंट हे गाजलेले उपदेशक न्यूपोर्टला येऊन गेले. गावात जागृतीची लाट आली. काही तरुणींनी साराला गाठून प्रार्थनेची मंडळी काढायची गळ घातली. बायकांची ती मंडळी पन्नासहून जास्त वर्षं चालली.

१७४२ मध्ये तिने हेन्री ऑसबर्नशी दुसरं लग्न केलं. तो शिंपी, विधुर, तीन मुलांचा बाप. काही महिन्यांतच त्याचा धंदा बुडाला, सामान देणेकऱ्यांच्या घशात गेलं, त्याची तब्येतही ढासळली. घर चालवायचं आता हिने. पुढच्या वर्षी, एकोणतिसाव्या वर्षी, तिने आपल्या आठवणी लिहिल्या. हा काळ मला महत्त्वाचा वाटतो. कर्ज वर असताना, नवरा खचलेला असताना, बाई बसून बालपणापासूनचा हिशेब मांडते: देव कुठे कुठे होता?

देवाच्या दयेबद्दल अशा बायकांनी लिहिलेलं खूप आहे. त्यातलं पुष्कळसं, खरं सांगायचं तर, वाचवत नाही. ऑसबर्न वाचवते, कारण तिच्या प्रार्थनेत घरभाडं येतं, जळण येतं, मुलांची न आलेली फी येते. एखाद्या दिवशी अनपेक्षित पैसे आले की ती लिहून ठेवते आणि त्याच्याखाली वचन लिहिते. पुढे कधी मन खचलं की जुन्या वह्या काढून वाचते, समासात नोंद करते. कोर्टात दाखल करायचे कागद जपावेत तशा तिने वह्या जपल्या. पुरावा हवा होता तिला. तिच्या काळाचा हा स्वभावच होता: पाहिलेलं, अनुभवलेलं लिहून ठेवा, मग सिद्ध करा. शास्त्रज्ञ निसर्गाबद्दल जे करत होते, तेच ही स्वतःच्या जिवाबद्दल करत होती.

आणि या पुराव्याच्या हव्यासाने तिला सर्वांत जास्त कुठे पोळलं, ते १७४४ च्या पानांवर दिसतं. एकुलता एक मुलगा सॅम्युअल रेहोबोथ गावी आजारी पडला. वय अकरा. ती जाऊन उशाशी बसली. पोर मरतं आहे हे कळत होतं, पण तिची नजर दुसरंच काही शोधत होती: याच्यात कृपेची काही खूण दिसते का? देवाकडे वळल्याचा एखादा शब्द? तिच्या विश्वासाप्रमाणे मूल म्हणून सुटका नव्हती. नवा जन्म न झालेलं लेकरूही नरकात जाऊ शकत होतं. निश्चित म्हणावी अशी खूण मिळाली नाही. तो गेला. तिने देवाच्या निर्णयापुढे मान तुकवली, तसं लिहिलंही. ही पानं वाचताना मला त्या शिकवणुकीचा राग येतो. साराचा मात्र येत नाही. तिने पोरासाठी खोटी खूण लिहून टाकली असती तर कोण तपासायला येणार होतं? तिने लिहिली नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचून मोठ्या झालेल्या आम्हा मराठी ख्रिस्ती बायकांना ऑसबर्नमध्ये एक गोष्ट खटकते. ती कधी हसत नाही. लक्ष्मीबाईंनी धर्मांतराच्या ओढाताणीतही स्वतःची फजिती रंगवून सांगितली. न्यूपोर्टच्या बाईला ती चैन परवडत नव्हती. तिला स्वतःकडे बघताना सतत वर बघावं लागत होतं.

१७५५ मध्ये तिचं एक पत्र बॉस्टनला पुस्तिका म्हणून छापून निघालं. विश्वासाबद्दल शंकेने घेरलेल्या मैत्रिणीला लिहिलेलं हे खाजगी पत्र. मुखपृष्ठावर एवढंच की न्यू इंग्लंडमधल्या एका कुलीन बाईचं हे पत्र आहे, आणि नाव-गाव उघड करायचं नाही या अटीवर तिने छापू दिलं आहे. शिवणकाम करून पोट भरणारी शाळामास्तरीण छापखान्यात जाऊन कुलीन बाई झाली. मजकुरात तिने मैत्रिणीला सांगितलं ते असं: मी अशी अशी होते, माझं असं असं झालं, म्हणून मला खात्री आहे. ग्रीक-हिब्रू येत नाही, धर्मशास्त्राची पदवी नाही. पण अनुभव आहे, आणि अनुभवावर पाळकालाही एकदम बोट ठेवता येत नाही. बायकांच्या हाती हे एक हत्यार होतं आणि साराला ते चालवता येत होतं.

मग आला १७६६-६७ चा हिवाळा. आधी काही स्वतंत्र काळे लोक तिच्या घरी रविवारी संध्याकाळी वाचन-प्रार्थनेसाठी येत होते. मग मालकांच्या परवानगीने गुलामही येऊ लागले. मग मुली, मुलगे, तरुण पुरुष. प्रत्येकाची संध्याकाळ वेगळी. आठवड्याला पाचशेहून जास्त माणसं त्या घराच्या उंबऱ्यातून आत येऊ लागली. न्यूपोर्टची वस्ती तेव्हा नऊ हजारांच्या आसपास.

हे कुठलं गाव होतं, तेही पाहायला हवं. काकवीपासून रम गाळायची, ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर न्यायची, तिच्या बदल्यात माणसं घ्यायची, वेस्ट इंडीजला विकायची, परतताना पुन्हा काकवी भरायची. ऱ्होड आयलंडमधून शतकभरात गुलामांच्या व्यापारासाठी नऊशेहून अधिक जहाजं सुटली, आणि त्या धंद्याचं मोठं बंदर न्यूपोर्ट. त्या गावात गुलामांनी रविवारी संध्याकाळी एका गोऱ्या बाईच्या घरात जमणं ही साधी गोष्ट नव्हती.

नॉर्थ स्टोनिंग्टनचा पाळक जोसेफ फिश जुना स्नेही. त्याच्या मुली साराच्या शाळेत शिकलेल्या. त्याला काळजी वाटली. बाई आपली पायरी सोडते आहे का? एवढी दगदग करण्यापेक्षा संध्याकाळी भरतकाम वगैरे करावं, अशा वळणाचा त्याचा सल्ला होता. साराचं ते लांबलचक पत्र म्हणजे याला उत्तर. तिने लिहिलं की मी पुरुषांना, पाळकांना विनवून पाहिलं, कुणी हे अंगावर घेत नाही. मग दारात आलेल्यांना परत पाठवू का? शिवणकामाने मला थकवा येतो, या संध्याकाळींनी विश्रांती मिळते. तिला स्वतःसाठी वेळ उरतो का, अशी फिशला शंका होती, म्हणून तिने पलंग, पडदे आणि उशा हे सगळं तपशिलात सांगितलं. भाषा नम्र, जवळजवळ लोटांगण घालणारी. पण बैठका थांबवल्या नाहीत.

इथे तिला देव्हाऱ्यात बसवायची घाई करू नये. तिच्याकडे बॉबी नावाचा एक गुलाम मुलगा होता. पैशांच्या ओढीत त्याला विकायचा विचार तिने केला, तेव्हा त्याची आई फिलिस आडवी आली. फिलिस तिच्याच मंडळीतली, म्हणजे विश्वासातली बहीण. त्या बहिणीने मुलासाठी विरोध केला याचा साराला राग आला, आणि तो राग रोजनिशीत आहे. शेवटी विक्रीचा बेत मागे पडला. गुलामगिरी हे पाप आहे या मताला ती बऱ्याच वर्षांनी आली. सॅम्युअल हॉपकिन्स १७७० मध्ये तिच्या मंडळीचा पाळक झाला, उघडपणे या व्यापाराविरुद्ध बोलू लागला, त्यानंतर. हॉपकिन्सला न्यूपोर्टला आणण्यात साराच्या बायकांच्या मंडळीचाही वाटा होता.

पुढचं थोडक्यात. १७७६ च्या डिसेंबरात इंग्रज सैन्याने न्यूपोर्ट घेतलं आणि मंडळीच्या प्रार्थनागृहात शिपाई उतरवले. १७७८ मध्ये हेन्री वारला. डोळे अधू झाले, मैत्रिणींच्या मदतीवर दिवस काढले, तरी प्रार्थनामंडळी तिच्या घरी जमत राहिली. २ ऑगस्ट १७९६ रोजी, ब्याऐंशीव्या वर्षी, ती गेली. वह्या हॉपकिन्सकडे आल्या. त्याने निवडून, नीटनेटक्या करून १७९९ मध्ये तिच्या आठवणी छापल्या. याआधी साराची जिवलग सुझॅना अँथनी हिचं लिखाणही त्यानेच छापलं होतं. आता मुखपृष्ठावर बाईचं नाव होतं, कारण बाई जिवंत नव्हती.

या पुस्तकांतून एक पद्धत पडली: भाविक बाई मरते, पाळक तिच्या वह्या-पत्रांना आपला उपदेश जोडून पुस्तक करतो, आणि घरोघरच्या मुली ते वाचतात. याच पद्धतीतून आमच्या नगरपर्यंत वाट येते. मॅसॅच्युसेट्समधल्या हेव्हरहिलची हॅरिएट ॲटवुड ब्रॅडफर्ड अकॅडमीत शिकत असताना, तेराव्या वर्षाच्या आसपास, परिवर्तनाचा अनुभव सांगू लागली. १८१२ च्या फेब्रुवारीत सॅम्युअल न्यूएलशी लग्न करून ती सेलमच्या बंदरातून कॅरव्हॅन जहाजावर चढली. कलकत्त्याला कंपनी सरकारने राहू दिलं नाही. मॉरिशसच्या वाटेवर जहाजातच मुलगी झाली, पाच दिवसांत गेली. हॅरिएट ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशसमध्ये वारली. वय एकोणीस. लेनर्ड वुड्सने १८१४ मध्ये तिची रोजनिशी आणि पत्रं आपल्या उपदेशासोबत काढली आणि त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या; अमेरिकेत मुलींची नावं हॅरिएट न्यूएल ठेवू लागले. ऑसबर्नपुढे हे लिखाण मला पातळ वाटतं, अर्थात एकोणिसाव्या वर्षी ऑसबर्नने तरी काय लिहिलं होतं? पण असली पुस्तकं वाचून बायकांनी मिशनसाठी वर्गण्या काढल्या, आणि त्याच मिशनचे लोक १८१३ पासून मुंबईत होते. हॅरिएटचा नवराही मुंबईला आला आणि १८२१ मध्ये तिथेच पटकीने गेला. १८२७ मध्ये सिंथिया फरार ही लग्न न केलेली बाई मुंबईत उतरली, पुढे नगरला आली आणि १८६२ मध्ये नगरलाच वारली. जोतीराव फुल्यांनी नगरला येऊन पाहिलेली मुलींची शाळा तिचीच.

शेवटी पुन्हा न्यूपोर्ट. साराच्याच मंडळीत १७६८ मध्ये ओबर टॅनर नावाची एक गुलाम स्त्री सभासद झाली. बॉस्टनची कवयित्री फिलिस व्हीटली तिची मैत्रीण. दोघी देवाच्या कृपेबद्दल, नव्या जन्माबद्दल एकमेकींना लिहीत. फिलिसची सात पत्रं आज आपल्या हाती आहेत, कारण ओबरने ती साठएक वर्षं सांभाळली आणि म्हातारपणी न्यूपोर्टच्या एका पाळकाच्या बायकोच्या हवाली केली. १८६३ मध्ये ती मॅसॅच्युसेट्सच्या इतिहास मंडळात पोचली. ओबरने लिहिलेलं एकही पत्र उरलेलं नाही. फिलिसचं पुस्तक १७७३ मध्ये निघालं, तेव्हा न्यूपोर्टमध्ये ते खपवायचं काम ओबरने केलं होतं. पाच प्रतींचे पैसे पोचले, अशी पोच फिलिसने पुढच्या वर्षी मे महिन्यात तिला दिली आहे.